राणीचं ऑपरेशन आणि सासूबाईंचं बोलणं

मंडळी, मन लई जड झालंय, म्हणून लिहितेय.

आमच्या कुत्रीची, राणीची, आज नसबंदी होती. सकाळी शेजारचे काका आले. म्हणाले, "ऑपरेशन कशाला? आमच्या टायगरकडून एकदा पिल्लं होऊ द्या की."

सासूबाईंना ते लगेच पटलं. "व्हय, बाईची जात हाय ती. आई झाल्याबिगर जन्म वाया जातो."

माझ्या मोठ्या जाऊबाई, शोभाताई, तिथंच भाकरी थापत होत्या. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, त्यांना मूल नाही. त्यांनी गॅस बंद केला.

"मग माझाबी वायाच गेला ना, आई?"

काका चहा अर्धा ठेवून उठले.

ताईंनीच राणीचा पट्टा धरला. औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यापर्यंत रिक्षात त्या बाहेरच बघत होत्या. राणीला आत नेलं, तेव्हा मात्र ढसाढसा रडल्या.

संध्याकाळी आम्ही गुंगीतल्या राणीला घरी आणलं. सासूबाई धावत आल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "लई दुखतंय का गं बाई तुला?"

ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

माझ्या जागी तुम्ही असता तर ताईंना काय बोलला असता?