फुजैराहून निघालेली गाडी

त्या दिवशी दुपारभर आम्ही चार मैत्रिणी डोंगरातल्या एका छोट्या गावात पिवळ्याजर्द झाडांखाली फोटो काढत फिरत होतो. गाव जॉर्जियातलं. शारजाहून विमानाने तिबिलिसी आणि तिथून पुढे घाटातून काही तास. वर नेटवर्क नव्हतं, आणि नव्हतं ते बरंच वाटत होतं. संध्याकाळी गेस्टहाऊसवर परतलो, वायफाय जोडलं गेलं, आणि बाबांचे मेसेज एकामागून एक येऊन पडले. ‘कुठे आहेस?’ ‘फोन का लागत नाही?’ ‘शैलामावशीला अ‍ॅडमिट केलंय, छातीत दुखत होतं.’ आणि शेवटचा, ‘फुजैराहून दोन तास लागतील. लगेच निघ. ती तुलाच विचारतेय.’

मी शारजाजवळच, फुजैराला आहे असं बाबांना वाटत होतं. आईला आणि मावशीलाही. मी तसंच सांगून घरातून निघाले होते.

मावशीला जाऊन आता महिना उलटून गेला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे घरातलं काही लिहायचं असलं की ते माझ्याकडे येतं. आई म्हणाली, “तिच्यावर चार ओळी लिही.” मी बसले, पण चांगलं-चांगलं तेवढंच लिहिताना हात चालेना... म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

शैलामावशी आईची थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यावर ती गुहागरजवळचं गाव सोडून आमच्याकडे शारजात, अल मजाजला आली, तेव्हा मी दुसरीत होते. माझ्या खोलीत तिची कॉट आली आणि माझं शाळेत काय चाललंय हे घरात सगळ्यांत आधी तिला कळू लागलं. तिला दुबईत ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेच्या बसवर मदतनिसाचं काम मिळालं. पहाटे अंधारात उठायचं, फ्लोरोसंट जाकीट चढवायचं, शारजाच्या टॉवरांखालून पोरं गोळा करायची. पोरं तिच्याशी इंग्रजीत बोलायची, ती पोरांशी हिंदीत, आणि फारच मस्ती झाली तर चिपळूणच्या एसटीत शोभेल अशा मराठीत. “ए हबीबी, खाली बस! यल्ला, बेल्ट लाव!” या एका वाक्यात ती अख्खी बस गप्प करायची.

पानांचं वेड तिला पोरांनीच लावलं. ऑक्टोबरमध्ये बाहेर अंगाची लाही होत असते, आणि केजीची मुलं वर्गातून केशरी-लाल कागदाची पानं कातरून आणतात, कारण पुस्तकातला ऋतू तसा असतो. एकदा एका मुलीने तिला विचारलं, “आंटी, हॅव यू सीन रिअल ऑटम?” मावशी म्हणाली, “देखेगा बेटा, इन्शाल्ला.” आणि घरी येऊन मला म्हणाली, “काय गं बायो, पान पिवळं पडलं की आपण झाडाला पाणी कमी पडलं म्हणून बादली ओततो. आणि लोक ते बघायला विमानाने जातात?”

“जातात मावशी. डोंगरातल्या गावांत हॉटेलं भरतात.”

“मग आपण का नाही?”

तेव्हा मी बारावीत होते. कॉलेजला गेले की नेईन म्हणाले, आणि गेल्या वर्षी नेलंही. पण तिथेही मी... सांगते. बसमधल्या एका मॅडमनी तिला सांगितलं होतं, ऑक्टोबरच्या शेवटी जा. मी म्हटलं, “मावशी, मी नेटवर सगळं वाचलंय. पहिल्या आठवड्यात रंग सुरू होतात.” वाचलं होतं हे खरं. पण महिनाअखेरीला माझी परीक्षा होती हे जास्त खरं. मावशीने वरिष्ठांची मनधरणी करून रजा मिळवली. आम्ही जॉर्जियाला गेलो आणि सगळे डोंगर हिरवेगार होते.

गेस्टहाऊसच्या म्हाताऱ्या बाईंनी दोन बोटं वर केली. दोन आठवडे थांबा. मला रडू यायचं बाकी होतं. मावशी मात्र त्या बाईंच्या शेजारी अंगणात बसून अक्रोड फोडायला लागली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघींची दुपारभर बडबड चालली होती. मी तोंड पाडून बसले तर मावशी म्हणाली, “हिरवं तर हिरवं. शारजात एवढं हिरवं तरी कुठे बघायला मिळतं?” नाक्यावर एका झाडाची एकच फांदी पिवळी झाली होती. तिच्याखाली ओढणी नीट करून ती उभी राहिली. “जवळून काढ, म्हणजे बाजूचं हिरवं दिसायचं नाही.” परतताना विमानात म्हणाली, “पुढच्या वर्षी तुझ्या परीक्षेला विचारायचं नाही. झाडांना विचारायचं.”

यंदा ऑगस्टपासूनच तिने विचारायला सुरुवात केली. “काय गं, झाडांचं काय म्हणणं?” मी म्हणायचे, बघू. तोवर कॉलेजातल्या मैत्रिणींचं जॉर्जियाचं ठरलं होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्यांच्या घरी कायम सुट्टीत कुठेतरी जायची पद्धत. मला पहिल्यांदाच कुणीतरी आपल्यात धरलं होतं. मावशीला घेऊ का, असं मी एकदाही विचारलं नाही. त्या नाही म्हणाल्या असत्या असंही नाही. मलाच नको होतं... हे लिहायला मला चार दिवस लागले. आणि तुझ्याशिवाय चाललेय, हे तिच्या तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं. मी लॉजिस्टिक्स शिकते, म्हणून कॉलेजकडून फुजैराचं बंदर बघायला नेतायत, तीन दिवस राहायचंय, असं सांगितलं.

कोणालाही शंका आली नाही. मावशीला तर कौतुकच वाटलं. “बंदरात बायका पण काम करतात काय गं? कर हो, कर. आणि येताना सुरमई आण, तिकडे ताजी मिळते.” स्वेटर मी बॅगेच्या तळाशी दडवला होता. वर तिने बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवला, सगळ्या मुलींना पुरतील एवढा. ते लाडू आम्ही त्या पिवळ्या झाडांखाली बसून खाल्ले. मैत्रिणी म्हणाल्या, “युअर मावशी इज द बेस्ट!” मी हो म्हटलं.

मेसेज वाचून बाबांना फोन लावला. “बाबा, मी फुजैराला नाहीये.”

“मग कुठे आहेस? रस्त्यात?”

“जॉर्जियाला.”

बाबा इमारतींच्या मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिशियन आहेत, रागावले की भरभर बोलतात. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “बरं. नीट ये.”

घाट उतरून विमानतळावर आलो तेव्हा रात्रीचं शारजाचं विमान निघून गेलं होतं. पुढचं पहाटेचं. मैत्रिणी सोबत आल्या, एकीने माझा हात सोडला नाही. मी शारजाला उतरले तेव्हा बाबा बाहेर उभे होते. काही विचारायची गरज पडली नाही.

त्या रात्री तिकडे काय झालं ते बाबांनी मला बाराव्यानंतर सांगितलं. मावशी शुद्धीवर होती. सारखी विचारायची, “निघाली का?” बाबांनी सांगितलं, निघाली. थोड्या वेळाने, “कुठवर आली?” बाबा म्हणाले, मसाफीला. फुजैराहून येताना मसाफी लागतं, तिथून पुढे धैद, आणि मग शारजा. बाबांनी मला त्या रस्त्यावर घातलं आणि हळूहळू पुढे आणत राहिले. मसाफीच्या पुढे गाडी थांबली. धैदला ट्रॅफिक लागला. टायर बघायला उतरलेत. बाबांना खोटं बोलता येत नाही, आई त्यांना त्यावरून चिडवते. त्या रात्री त्यांनी दोन तासांचा रस्ता पुरवून-पुरवून वापरला. शेवटी सांगायला गाव उरलं नाही, तेव्हा ते मला धैदच्या पुढे आणायलाच घाबरायला लागले.

“तिला खरं वाटलं का?” मी विचारलं.

“वाटलं असावं. म्हणाली, त्या रस्त्याला ट्रक फार असतात, पोरीला घाई करायला लावू नका. सावकाश येऊ दे.” मग बाबा म्हणाले, “तुला बोलणार नव्हतो. पण माझ्या एकट्याच्याने राहवेना.”

आईने एकदा फोटो मागितले. मी फोन दिला. तिने सगळे बघितले, एकावर थांबली. त्यात मी मूठभर पानं वर उडवून हसते आहे. “हा त्याच दुपारचा?” मी मान हलवली. आईने फोन परत दिला. “लाल पण होती म्हणजे,” एवढंच म्हणाली. त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघालेला नाही. मला कुणी दोष देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं.

परवा मावशीच्या बसचे ड्रायव्हर, मोइद्दीनभाई, भेटायला आले होते. चहा घेताना म्हणाले, “बेटी, आपकी मौसी सबको उतारके फिर पीछे तक जाती थी. हर सीट देखती थी, कोई बच्चा सोया तो नहीं रह गया. मैं बोलता था, दीदी, खलास, सब उतर गया. बोलती थी, एक बार और देखती हूँ.” नियमच आहे म्हणे तसा, पण दोनदा बघणारी तीच एक होती. ते सांगत होते आणि मला आठवत गेलं, टॅक्सीतून उतरल्यावर, दवाखान्याच्या बाकावरून उठल्यावर, सगळीकडे ती वळून मागे बघायची. मी चिडायचे, “मावशी, आपण दोघीच आहोत, कोण राहणार?” ती बघून घ्यायची आणि मग चालायला लागायची.

आता कॉलेजच्या बसमधून मी सगळ्यांत शेवटी उतरते. उतरण्याआधी मागच्या सीटपर्यंत जाते. ड्रायव्हर आरशातून विचारतो, “कुछ भूल गया क्या?” मी नाही म्हणते, आणि परत येताना उलट्या बाजूच्या सीट बघत येते.