गौतमच्या नावाचा चेंडू

रिटायर होऊन मी मोताळ्याला आलो. गावाबाहेर आमचं शेत आहे, तिथेच घर बांधलं. फौजेत मी मोर्टार प्लाटूनचा, ८१ एमएमच्या नळीवर नंबर वन. नळीचा कोन आणि दिशा बसवणं माझं काम. टार्गेट आम्हाला दिसत नसे. पुढे टेकडीवर बसलेला ऑब्झर्व्हर रेडिओवरून सांगायचा, गोळा कुठे पडला, किती पुढे घ्या, किती मागे. आमचा ऑब्झर्व्हर नायक गौतम. सुलतानपूरचा, आपल्याच जिल्ह्याचा. चौकीपुढच्या टेकडीवर तो शहीद झाला.

त्या वेळचे आमचे कॅप्टनसाहेब पुढे कर्नल होऊन रिटायर झाले. त्यांनी एक रिवाज पाडला. दरवर्षी प्लाटूनचे जुने लोक छावणीच्या गोल्फ मैदानावर जमतात. प्रत्येक शहिदाच्या नावानं चेंडू मारायचा. एका नावाला एकच चेंडू, आणि तो नाल्यापलीकडे गेला पाहिजे. गौतमचा चेंडू साहेब स्वतः मारायचे. यंदा त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि मला फोन आला.

"वसंत, गौतम का बॉल इस बार तू मारेगा. त्याच्याच जिल्ह्यात. तुझ्या शेतात नाला आहे ना?"

"आहे सर. पण मला गोल्फ कुठे..."

"सेट पाठवतोय. आउट."

काठ्यांचा सेट आला. सोयाबीन निघाल्यानं वावर मोकळं होतं. लोखंडी सात नंबरची आखूड काठी बरी लागली. चेंडू नाल्याच्या अलीकडच्या बांधाजवळ पडायचा. मग सगळ्यात लांब काठी काढली, ड्रायव्हर. म्हटलं, ही नाला सहज ओलांडेल. चेंडू बांधाच्याही खूप अलीकडे पडला. पुन्हा मारला, तेच. माझं डोकंच चालेना. मोर्टारमध्ये चार्ज, म्हणजे गोळ्यामागची दारू, वाढवला की गोळा पुढे जातो. मीही चार्ज वाढवला, म्हणजे जीव खाऊन मारलं. चेंडू आणखी अलीकडे!

साहेबांना फोन केला. म्हणाले, "जोर लावू नकोस." आता जोर न लावता लांब कसं जाणार? कोन वाढवला, कमी केला, चेंडू पुढे ठेवला, मागे ठेवला. काही ताळमेळ लागेना. बायको उंबरठ्यातून पाहायची.

"एवढ्या जोरानं तूर बडवली असती, तं दोन पोते निघाले असते."

 आतून मी चडफडत होतो. गौतमचं नाव घ्यायचं आणि चेंडू नाल्यात घालायचा? हे मला सहन होणार नव्हतं.

गौतमचा धाकटा भाऊ मिलिंद सुलतानपूरलाच मास्तर आहे. त्याला कळलं, तसा तो दर रविवारी एसटीनं यायला लागला. मी त्याला त्याचा फोन घेऊन नाल्यापलीकडे उभं केलं आणि ऑब्झर्व्हरची भाषा शिकवली. कमी पडला तर शॉर्ट. पुढे घ्यायचा तर ॲड. तसाच पुन्हा मारायचा तर रिपीट.

"शॉर्ट. ॲड फिफ्टी," मिलिंद फोनवर सांगायचा. मग न राहवून, "भाऊ, लांब काठीनं जवळ अन् आखूड काठीनं दूर, हे कसं काय हो?"

"मले समजलं असतं तं तुले तिथं कायले उभं केलं असतं बे?"

ठरल्या दिवशी साहेब आणि प्लाटूनचे सगळे जुने लोक रेल्वेनं येऊन सकाळी आठला शेतात हजर झाले. पिकल्या मिशांचे, गुडघे धरून चालणारे. मिलिंद पलीकडे उभा राहिला. माझा फोन स्पीकरवर ठेवला. मी ड्रायव्हर घेतला.

"नायक गौतम!"

मारला. चेंडू खालून सणसणत गेला आणि नाल्यात दगडावर आपटला.  मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन खरखरला. "शॉर्ट. रिपीट."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "ऑब्झर्व्हरचा हुकूम आहे. फायर."

मी दुसरा चेंडू ठेवला. जोर लावायला अंगात जोरच नव्हता. काठी नुसती फिरली. चेंडू वर चढला, नाला ओलांडून पलीकडच्या बांधावर पडला. काठी तीच, जोर उलट कमी. कसा गेला, मला अजूनही कळलेलं नाही.

"पार गेला, भाऊ!" मिलिंद ओरडला. इकडे कोणीच टाळी वाजवली नाही. तो नाला उतरून आला आणि म्हाताऱ्यांचे भरलेले डोळे पाहून गांगरला.

"माह्यं काही चुकलं काय?"

साहेबांनीच सांगितलं. त्या दिवशी आमची पेट्रोल पार्टी, म्हणजे गस्तीची तुकडी, चौकीपुढे अडकली होती. साहेब तिच्यात होते. गौतमनं एकेक गोळा सरकवत दुश्मनावर आणला. त्याचा शेवटचा मेसेज होता, रिपीट. मग त्याचा रेडिओ सेट बंद पडला. मी नळीचा कोन बदलला नाही, तसाच फायर चालू ठेवला. पार्टी परत आली. गौतम आला नाही.

मिलिंद बांधावर बसला. "माय अजून विचारते, दादा शेवटी काय बोलला म्हणून. हा एकच फौजी शब्द मायले कसा समजावून सांगू, साहेब?"

साहेब त्याच्याशेजारी मातीत बसले. "मला तिच्याकडे ने," ते म्हणाले. "मीच सांगतो."