सिलिकॉनच्या सात ट्यूब आणि वसईचा समुद्र

सिन्नरहून निघालो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. गाडीचा दरवाजा ओढून घेता घेता सुधाने अट सांगून टाकली. या खेपेला तिची उशी भिजली, तर ती वसईहून एसटीने परत येणार आणि गाडी घोटीच्या माणसाला देऊन टाकायची. हा घोटीचा माणूस दोनदा गाडी पाहून गेला होता. त्याला तिच्यात मिसळीचं दुकान काढायचं होतं. काउंटरसाठी पत्रा कुठे कापायचा याची खूणही तो खडूने करून गेला होता. ती खूण मी पुसली नव्हती, कारण खडू पुसायला पाणी लागतं आणि पाण्याशी माझं तेव्हा बरं चाललं नव्हतं.

गाडी म्हणजे आमच्या शाळेची जुनी मिनीबस. मी त्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ज्या वर्षी मी निवृत्त झालो त्याच वर्षी बसलाही काढून टाकायचं ठरलं, तेव्हा मी तिला घरी आणलं. बाकं काढली, पलंग ठोकला, ओटा केला आणि ओट्याच्या वर, छताला लागून पाण्याची टाकी बसवली. पंपाची भानगड नाही, नळ सोडला की पाणी आपोआप खाली. सुतार, प्लंबर, वेल्डर यांतल्या कोणालाही मी अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. सगळं मोबाइलवर पाहून शिकलो. त्यातली दाढीवाली पोरं ‘भावांनो, एकदम सोपं काम आहे’ म्हणत जे बारा मिनिटांत उरकतात, त्याला मला बारा दिवस लागायचे, आणि तेरावा दिवस ते उखडायला.

शिवाय ‘चाकावरचा संसार’ नावाचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यातल्या निम्म्या लोकांकडे गाडी नाही, पण सल्ला प्रत्येकाकडे आहे. पहिल्या सहलीआधी मी टपावर चढून जोड, स्क्रू, चीर, भोक, जे दिसेल ते एक ट्यूब सिलिकॉन भरून बंद केलं आणि फोटो टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याला सुधाची उशी भिजली. मी आणखी दोन ट्यूब भरल्या. वणीला पुन्हा भिजली. मग आणखी चार. दोन्ही वेळा आभाळ कोरडं होतं, पण विज्ञानाच्या माणसाला त्याने काय फरक पडतो? मी दवाचा सिद्धांत मांडला. दव पडतं, जोडात साठतं, उतारावर झिरपतं. सुधा म्हणाली, त्या पाण्याला वाळ्याचा वास येतो. प्यायच्या टाकीत ती वाळ्याची पुरचुंडी टाकते. मी तिला समजावलं, की पलंगाखाली तुझ्या साड्यांत वाळ्याची जुडी आहे, तो वास नाकात बसलाय. मला स्वतःचं ते उत्तर फार आवडलं होतं.

खरं तर हा नाद मूळचा तिचा. लग्नानंतर पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हाच ती म्हणाली होती, समुद्र उजव्या हाताला ठेवून पार कन्याकुमारीपर्यंत जायचं. बत्तीस वर्षांनी ते जमायची वेळ आली आणि आडवा आला तो मी, हातात सिलिकॉनची बंदूक घेऊन.

कसारा घाट उतरून, भिवंडी ओलांडून, कामण-चिंचोटीकडून वसईत शिरेपर्यंत गाडीने इतके हिसके खाल्ले की कपाटातली कढई दोनदा बाहेर येऊन गेली. चिंचोटीच्या नाक्यावर एका बाईंनी दप्तरासकट दोन मुली घेऊन गाडीला हात केला. मी बसला आकाशी रंग दिलाय, अर्थात स्वतःच, पण ओरखड्यांतून शाळेचा पिवळा दिसत राहतो. पोरींना चढवून घ्यावं असं क्षणभर मलाही वाटलं.

मुक्काम वसईतल्या होळी नावाच्या भागात होता. सुधाची डी.एड.ची मैत्रीण नयना तिथली. तिचं सासर पिढ्यान्‌पिढ्या बागायत करणारं. केळी, पानवेल, सोनचाफा, आणि मध्ये पाण्याचे पाट. नयनाचे यजमान कमलाकरभाऊ बँकेतून निवृत्त झालेले, सकाळी वाडीत आणि दुपारी पेपरात. त्यांनी गाडीला फेरी मारली, आत डोकावून पाहिलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, की घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत, पंखा आहे, बाथरूम आहे, मग डब्यात का झोपायचं? मी त्यांना मोकळ्या आयुष्याबद्दल सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मोकळं आयुष्य लावण्यासाठी केळीचे दोन घड हलवून जागा करून दिली.

रात्रीच्या जेवणाला उकडहंडी होती (थंडीत मडक्यात कंद, शेंगा, वांगी घालून ओव्याच्या पाल्यासोबत मंद शिजवतात ती). सुधाने तीनदा वाढून घेतली. मी ताटापेक्षा आभाळाकडे जास्त पाहत होतो. दव पडणार होतं.

उजाडता उजाडता जाग आली. हात वर केला तर छताचं प्लाय ओलं, आणि सुधाच्या उशीच्या कोपऱ्यावर रुपयाएवढा डाग. ती अंगणात नयनाबरोबर चहा पीत होती. आता मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. मी तिची उशी माझ्या जागी ठेवली, माझी कोरडी उशी तिच्या जागी ठेवली, वर चादर ओढली आणि बाहेर येऊन जाहीर केलं, की आज आगाशीला जाऊ, देवळं बघू. तीस वर्षं मी पोरांना कॉपी करताना पकडत आलो होतो.

आगाशीचा बाजार जुना आणि नीट आहे. एका दुकानात गूळ, शेजारी पूजेचं सामान, त्याच्या शेजारी खिळेमोळे. सुधा देवळात गेली आणि मी खिळेमोळेवाल्याकडे. आठवी ट्यूब मागितली. दुकानदार म्हणाला, की सिलिकॉन संपलंय, सोमवारी या. मला घाम फुटला. तेवढ्यात सुधा सुकेळी घेऊन आली (राजेळी केळी उन्हात वाळवून केळीच्याच सोपटात बांधतात, मधासारखी लागतात). तिने एक माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, की देवाच्या दारात येऊन तुम्ही कुठे गेला होतात? मी म्हटलं, चप्पल शिवायला. माझ्या पायांत बूट होते.

परत आल्यावर मी कमलाकरभाऊंना बाजूला घेऊन टपाचं दुखणं सांगितलं. त्यांचा सल्ला सरळ होता. पाचूबंदरला होड्यांवर फायबर मारतात, ती माणसं पाण्याशीच खेळतात, त्यांच्याकडे जा. मला कल्पना पसंत पडली, म्हणजे अर्धी. फायबरचं कापड आणि रसायन तिथून घ्यायचं, थोडं मार्गदर्शन घ्यायचं आणि मारायचं आपणच. सुधाला सांगितलं, ताजे बोंबील घेऊ. ती पुढच्या सीटवर येऊन बसली.

पाचूबंदर किल्ल्याला लागूनच आहे. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. लिलाव नुकताच आटपला होता, पाट्या धुतल्या जात होत्या. ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत काशिनाथ तांडेल बसले होते. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. आता ते समुद्रात जात नाहीत, होड्या दुरुस्त करतात. सत्तरीचे, पण दोरीसारखे काटक. मी माझी ओळख, गाडी, टप, सात ट्यूब आणि दवाचा सिद्धांत असं सगळं क्रमाने सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, “पानी चाखलंस का?”

इथे सगळ्यांना अरे-तुरे करतात, त्यात अनादर नसतो, हे मला ठाऊक होतं. तरी निवृत्त शिक्षकाला ते टोचतं. मी म्हटलं, गळक्या पाण्यात चाखण्यासारखं काय आहे?

“होडीत पानी दिसलं का पयलं चाखायचं,” ते म्हणाले. “खारं लागलं तर फट हाय, दर्या आत येते. गोडं लागलं तर बरफाचं, नायतर पिपातलं. चाखल्याबिगर फटी भरत बसलास तर हात दुखतील नि होडी बुडल.”

ते उठून गाडीत आले. टपाकडे त्यांनी बघितलंही नाही. पलंगावर गुडघा टेकून प्लायच्या ओल्या जागी बोट दाबलं आणि ते जिभेला लावलं. मग पुन्हा लावलं. “दव नाय,” ते म्हणाले. “दवाला असा वास नसते. गवतासारखं कायतरी हाय.”

“वाळा,” सुधा म्हणाली.

तिने ते वर न बघता सांगितलं, पिशवीतली सुकेळी नीट लावत. मी स्वतः बोट लावून चाखलं. तीस वर्षं फळ्यावर मी निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष असे शब्द लिहीत आलो, पहिल्या शब्दाखाली दोन रेघा मारत. जिभेवर वाळा स्पष्ट कळत होता.

तांडेलांनी टाकी पाहिली, तिच्या झाकणाभोवतीची ओल पाहिली, आणि मग शिडी मागितली. वर गेले आणि बराच वेळ हसत राहिले. टाकी भरून वाहिली तर जादा पाणी बाहेर पडावं म्हणून तिच्यातून एक नळी टपाबाहेर काढलेली होती. तीही मीच बसवलेली. पहिल्या सहलीआधी दिसेल ते भोक बुजवताना मी तिचं तोंडही सिलिकॉनने बुजवलं होतं. गाडी हिसका खाई, पाणी हेंदकाळे, बाहेरची वाट बंद म्हणून झाकणातून निघे आणि प्लायवरून सरकत सरकत सुधाच्या उशीवर येई. टपातून आजवर थेंबही आला नव्हता. न गळणाऱ्या टपावर मी सात ट्यूब घातल्या होत्या.

त्यांनी सुरीच्या टोकाने ते पांढरं बूच उपटून काढलं. टाकीने लांब श्वास सोडल्याचा आवाज आला. आत सुधाने नळ सोडला. रोज उचक्या देत येणारं पाणी एका धारेत आलं. नळाला उचक्या लागतात हेही ती म्हणाली होती, आणि त्यावरही मी तिला हवेच्या दाबाचा धडा दिला होता.

“होडीला भोक नको,” तांडेल शिडीवरून उतरताना म्हणाले. “टाकीला पायजे. तिला पन दम घ्यावा लागते.”

मी फायबरचं विचारलं. छप्पर बरं हाय, हात लावू नको, असं म्हणून ते पुन्हा होडीच्या सावलीत जाऊन बसले.

आम्ही धक्क्यावर गेलो. भरती येत होती. सुधाने एका कोळिणीकडून बोंबील घेतले आणि मग तिलाच विचारलं, वसई डेपोची बस इथून किती वाजता सुटते. अर्ध्या तासाने, असं उत्तर आलं. मी म्हटलं, अगं, आता गळती थांबली. ती समुद्राकडे बघत म्हणाली, “सकाळी उशी बदललीत ना? माझ्या अभ्र्याला निळी शिवण आहे. तुमच्याला नाही.”

मी माफी मागितली. उशीची मागितली, मग वासाची, मग नळाची. ती म्हणाली, “मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही उठून ट्यूब आणायला गेलात.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

बस आली, वळली, माणसं चढली आणि गेली. सुधा धक्क्यावरच बसून राहिली. मग उठून गाडीत चढली. अटीचं काय, असं मी विचारलं, तर घरी गेल्यावर बघू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नयनाने पिशवीभर चाफा दिला आणि कमलाकरभाऊंनी केळीचे घड पुन्हा जागेवर ठेवले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला माझी मान छताकडे वळत होती. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो, तेव्हा सुधा मागे जाऊन आडवी झाली आणि नेमक्या त्या जागेखाली, स्वतःच्या उशीवर, गाढ झोपली. मी हळूच प्लायला बोट लावलं आणि चाखलं. नुसतं लाकूड.

रविवारी घोटीचा माणूस आला. त्याने नवा खडू आणला होता. मी बाजूला उभा राहिलो, कारण अट तिची होती आणि उशी भिजली होती. सुधा बाहेर आली, तिने ओलं फडकं घेतलं आणि गाडीच्या अंगावरची खूण पुसली. गाडी द्यायची नाही, असं तिने त्याला सांगितलं. मग आत जाऊन माझी हत्यारांची पेटी दोन्ही हातांनी उचलून आणली, वर सिलिकॉनची बंदूक ठेवली आणि म्हणाली, दुकान काढताय तर हे उपयोगी पडेल, असंच घेऊन जा.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी होकाराची मान हलवली.

पुढच्या महिन्यात आम्ही कन्याकुमारीला निघतोय, समुद्र उजव्या हाताला ठेवून. पेटीच्या जागी आता सुधाची पुस्तकं आणि सुकेळी आहेत. गाडीत काही वाजलं, हललं किंवा गळलं तर मी आधी तिला विचारतो, हात लावू का? आजवर दर वेळी ती ‘नको’ म्हणालीय, आणि गाडी उत्तम चालतेय.