पायलटची गेलेली चव

अँब्युलन्सवर सात वर्षं काढली की किस्से साठत जातात, आणि त्यातला एकही घरी जेवताना सांगता येत नाही! बायको म्हणते, "तुमचा ता सगळा तुमच्याकडेच ठेवा." म्हणून आम्ही तिघं एकमेकांनाच सांगतो. तिघं म्हणजे पिंगुळीच्या डॉक्टर मॅडम, मी अटेंडंट बाबल आणि ड्रायव्हर अंतोन. ड्रायव्हरला आमच्यात पायलट म्हणतात. हल्ली बरेचसे किस्से अंतोनचेच, आणि त्यात हसण्यासारखं थोडंच आहे.

*

आमचा एक नियम होता. पेशंट सोडला, गाडी धुतली, की कसालला शालनबायच्या टपरीवर भजी. ज्याला खाववत नाही त्याने पुढच्या कॉलला गाडीवर बसायचं नाही. नियम मॅडमचा.

अंतोनला नियमाची गरजच नव्हती. एकदा हायवेवर दोन ट्रक भिडले. तिथून परतलो तर हा आपला तिसऱ्या प्लेटवर! शेजारचे मुंबईकर पाहुणे म्हणाले, "असलं बघून तुम्हाला खाववतं कसं हो?"

अंतोन म्हणाला, "आज खाववता म्हणान उद्या परत जाववता!"

*

मग तो कॉल आला. बाइक आणि टेम्पो, भर दुपारी. अंतोनने गाडी लावली, स्ट्रेचर काढायला उतरला आणि बघतो तर बाइकवाला कामिल. त्याचा धाकटा भाऊ.

दुसरी गाडी यायला अर्धा तास लागला असता. अंतोन सीटवर बसला, बेल्ट लावला आणि निघाला. मागे मॅडम आणि मी. एक खड्डा लागू दिला नाही पठ्ठ्याने. जिल्ह्याच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा कामिल गेलेला होता.

अंतोनने गाडी रेषेत पार्क केली, हँडब्रेक ओढला आणि वॉचमनला विचारलं, "गाडी आड येता काय रे कोणाक?" तेव्हा मी त्याचे हात बघितले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे उठलेले.

*

आठवड्याने तो कामावर आला, चट्टे घेऊनच. मॅडमनी गोळी लिहून दिली आणि समजावलं, "अंतोन, हे हिस्टामिन. पण ते नुसतं खाजेपुरतं नसतं. मेंदूतही असतं, तिथे ते आपल्याला जागं ठेवतं. मोठा धक्का बसला की तिथे ते जास्त सुटतं. मेंदूतल्या ज्या जागेमुळे एखादी गोष्ट हवीशी वाटते ना, तिथली निरोपांची ये-जा त्याने बदलते. उंदरांमध्ये हे दिसलंय. माणसाचं अजून पक्कं सांगता येत नाही."

"खरा आसात," अंतोन म्हणाला. "घरात माका कायच बरा लागणा नाय. सार नाय, गाणी नाय." मग चावीकडे बघून घाईघाईने म्हणाला, "भजी लागतत हां!"

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "म्याडम, उंदराक धक्को कसो देतत? तेच्या भावाक मारतत?"

"नाही रे. नळीत कोंडून ठेवतात. हलता येत नाही, एवढंच."

"मगे ता माझाच झाला," अंतोन म्हणाला. "भाव मागे मरत होतो नि मी सीटबेल्टात."



*

मॅडमनी बजावलं होतं, "हीच गोळी घे. खाजेच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या मेंदूत शिरतात आणि झोप आणतात." पण ऐकेल तो अंतोन कसला! ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला थांबलो, तर हा स्टिअरिंगवर डोकं ठेवून घोरतोय. घरात पडलेली तसल्याच गोळ्यांची पट्टी सापडली होती त्याला. नशीब, गाडीत पेशंट नव्हता. मॅडमनी हलवून उठवलं. "किती घेतल्यास?"

"दोन. एक हाताक, एक मनाक."

*

शालनबायच्या नजरेतून काही सुटत नाही. अंतोन घास तोंडात जायच्या आधीच वाखाणणी करतो, हे तिने हेरलं. एका दुपारी त्याची प्लेट वेगळी आली. त्याने दोन भजी खाल्ली आणि ओरडला, "झकास झाली गो!"

"मेल्या, मीठच घालूक नाय मी तेच्यात," शालनबाय म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

मॅडमनी चावीसाठी हात पुढे केला. अंतोनने चावी दिली नाही, मुठीत धरून बसला. "म्याडम, भाव गेलो. गाडी पण काढून घेतलास तर माझ्याकडे रवला काय?"

"दोन महिने. मनाच्या डॉक्टरांकडे जायचं. ते हो म्हणाले की चावी तुझी. मला तू हवा आहेस, पण आज नाही."

शेवटी त्याने चावी टेबलावर ठेवली. मला शालनबायचा भयंकर राग आला. तिने केलं ते बरोबर होतं, तरी आला.

*

दोन महिन्यांचे तीन झाले. मग अंतोन डॉक्टरांचा कागद घेऊन आला. पहिलाच पेशंट, देवगडच्या बाजूची एक म्हातारी, खळ्यात पडून खुबा मोडलेली. मागे मॅडम आणि मी. उतारावर म्हातारी कळवळली, "गाडी हळू चलय रे झिला, दुखता!"

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. अंतोन मागे वळला नाही. मधल्या खिडकीतून त्याचा आवाज आला.

"बाबल, त्या दिसा कामिल पण ह्याच सांगी होतो मा? हळू चलय म्हणान? माका रोज आयकाक येता. आणि मी हळू करूक नाय."

त्या दिवशी कामिलचं डोकं माझ्या मांडीवर होतं. उचलल्यापासून हॉस्पिटलच्या गेटापर्यंत तो शुद्धीवर नव्हता. त्याच्या तोंडून हूं की चूं निघालं नव्हतं.

"नाय रे," मी म्हटलं. "मी आयकलंय मा! तो म्हणालो, अशीच चलय."

मॅडमनी मान खाली घातली. अंतोनने गियर टाकला.