खिशातला डावा हात

आमच्या आळीच्या टोकाला टीव्ही दुरुस्त करणारे ते गृहस्थ चहा पितानाही डावा हात खिशात ठेवतात. चालू टीव्हीत एकच हात घालायचा, हे मलाही शिकवलंय. शॉक छातीतून जाऊ नये म्हणून. पण चहाला कसला शॉक?

पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ईएचटी ट्रान्सफॉर्मर तपासताना ते दिवा मालवून अंधारात निळी ठिणगी शोधतात. मीही तेच करतो. गिऱ्हाईक मात्र श्वास रोखून त्यांच्याच पाठीशी उभं राहतं. मला ते बघवत नाही.

परवा तिकोणा पेठेच्या मावशींना मी सांगितलं, ईएचटी गेलाय, आता मिळणार नाही. त्यांना पटेना. जुना टीव्ही उचलून त्या टोकाच्या दुकानाकडे निघाल्या. सोल्डर मागायच्या निमित्तानं मीही मागोमाग गेलो.

दिव्याच्या बटणावर बोट ठेवून त्या गृहस्थांनी विचारलं, "आधी कुणाला दाखवला?"

मावशींनी माझ्याकडे हात केला.

"ह्यांनी बघितलाय? मग मी वेगळं काय बघणार? गेला तो."

"तुमी म्हणताय म्हंजे गेलाच असंल," मावशी म्हणाल्या.

चहाही त्या गृहस्थांनीच पाजला. निम्मा संपल्यावर बघतो, तर माझा डावा हात खिशात. मी तो लगेच बाहेर काढला.