सारंगीणकाकीचे पत्ते

पाच-सहा बायका रोज दुपारी एकाच पडवीत बसायला लागल्या, की किस्से आपोआप साठतात. कुणी मुद्दाम साठवत नाही. आज कोकमाची सोलं निवडताना एक होतो, उद्या आंबापोळी उलटताना दुसरा, आणि बघता बघता आयुष्यभर पुरतील एवढे होतात! आता मी सांगायला लागले की घरातले म्हणतात, "हा झालाय सांगून." झाला असेल. पण तेव्हा नीट ऐकलात कुठे?

सव्वीस-सत्तावीस साल असेल. मी वेळणेश्वरची, लग्न होऊन रत्नागिरीला आलेली. आमचे हे मुंबईला एका कंपनीत कारकून. लग्नानंतर अठरा दिवस राहिले आणि बोटीने गेले. आमच्या शेजारी जानकीकाकीचं घर. तिचे यजमान परदेशी जाणाऱ्या बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुख्य. म्हणून ती सारंगीणकाकी. मूलबाळ नव्हतं. सारंगकाका एका सुट्टीत तिकडच्या चित्रांच्या पत्त्यांचा जोड घेऊन आले, तो घरी ठेवला आणि पुन्हा गेले. त्या पत्त्यांना टॅरो म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आम्ही म्हणायचो, काकीचे पत्ते. आपण एक पान काढायचं, काकी त्याचा अर्थ सांगायची. सुरुवात ठरलेली असायची : "आमच्या ह्यांनी सांगून ठेवलंय..."

पहिलं पान मी काढलं ते रडत रडत. पंधरा दिवस पत्र नव्हतं. मी सकाळपासून दारात उभी राहायची, पोस्टमन पुढे गेला तरी हलायची नाही. दूध उतू गेलं, भात करपला. सासूबाईंनीच हात धरून काकीकडे नेलं.

पानावर एक बाई होती. दोन हातांत दोन घागरी, एकीतलं पाणी दुसरीत ओतत होती.

"बघ गो," काकी म्हणाली, "ह्यातलं त्यात, त्यातलं ह्यात. थेंब सांडत नाही. आणि तू? सगळंच्या सगळं मुंबईकडे ओतलंस. इथली घागर कोरडी!"

मग तिने मला नेमच घालून दिला. पोस्टमन येऊन जाईपर्यंत वाट बघायची. तो गेला, की त्या दिवसापुरतं वाट बघणं बंद. मग तिच्या पडवीत येऊन बसायचं, हाताला काम घ्यायचं.

मी डोळे पुसत विचारलं, "पण काकी, इथल्या घागरीत ओतू काय?"

"सध्या ताक ओत. सकाळपासून जेवलेली नाहीस!"

आमच्यात मिऱ्याची चंद्रा होती. तिचा नवरा गिरणीत लागायला निघालेला. जातोय तो परत येईल ना, एवढंच तिला विचारायचं होतं. पान निघालं ते खांद्यावर बोचकं टाकून निघालेल्या माणसाचं. मागून एक कुत्रं त्याला ओढतंय.

"हा मुंबईला निघालेला," काकी म्हणाली. "पण कुत्र्याने धरून ठेवलंय बघ. घरचं कुणीतरी असं धरून आहे तोवर माणूस परत येतो."

चंद्राचा चेहरा उतरला. "म्हणजे मी कुत्रं?"

"तू कशाला गो? ती तुझी सासू!"

चंद्रा तोंडाला पदर लावून एवढी हसली, की हसता हसता कधी रडायला लागली ते आम्हाला कळलंच नाही.

पावसच्या आक्का लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी यजमानांचा काळा कोट बरोबर आणून खुंटीवर टांगलेला. रोज झटकायचा, परत टांगायचा. लेक वैतागलेली. आक्कांनी पान काढलं आणि आम्ही सगळ्या मागे सरकलो. हाडांचा सापळा, हातात मोठा विळा!

काकी जरासुद्धा बिचकली नाही. "हा कापणीवाला. भात पिकलं की कापायचं. कापलेलं शेतात उभं ठेवतात का कुणी?"

दुसऱ्या दिवशी आक्कांनी तो कोट बंदरावरच्या एका पडाववाल्याला देऊन टाकला. बोट लांब उभी राहायची, हा पडावातून उतारू किनाऱ्याला आणायचा. वाऱ्यात कुडकुडायचा बिचारा.

आम्ही म्हटलं, सुटल्या आक्का. कसल्या सुटतात! ज्या दिवशी बोट, त्या दिवशी आक्का बंदरावर. कुणी यायचं नसे, कुणाला पोचवायचं नसे. पडाव टेकला की वाळूवरून ओरडायच्या, "वरचं बटण लाव रे! छातीला वारा बाधतो तुम्हाला!"

त्या 'तुम्हाला'वर कुणीही कधी हसलं नाही.

पावसाळ्यात बोटी बंद. मुंबईची माणसं मुंबईला, आम्ही इथे. पत्रं घाटातून फिरून यायची, तीही ओली. एका श्रावणात आम्ही पाचजणी एकदमच काकीला चिकटलो. पान काढू दे, बोट कधी सुरू होणार ते सांग! मी म्हणाले मी आधी, चंद्रा म्हणाली ती आधी.

काकीने पत्ते गोळा करून फडक्यात बांधले. "हे पत्त्यांना काय विचारता? पोर्टातल्या कारकुनाला विचारा!"

आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी पोर्टाच्या कचेरीत आम्ही पाचजणी छत्र्या मिटून रांगेत उभ्या! कारकून घाबरून खुर्चीवरून उठला. त्याला वाटलं मोर्चा आला.

सुमतीबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, पुढे ट्रेनिंग कॉलेज केलेल्या. काकीच्या पत्त्यांना त्या उघड उघड थोतांड म्हणायच्या. शाळा सुटली की त्या पडवीवरून खाली मान घालून जायच्या आणि खोलीचं दार लावून घ्यायच्या.

एकदा काकीने हाक मारली. "बाई, थोतांड तर थोतांड. एक पान काढून जा."

बाईंनी उभ्या उभ्याच काढलं. एक म्हातारा, हातात कंदील, एकटाच चाललेला.

"हं. एकटा माणूस," बाई म्हणाल्या. "हे सांगायला पत्ते कशाला हवेत?"

"एकटा आहे खरा," काकी म्हणाली. "पण कंदील बघा कुठे धरलाय. पुढे धरलाय. नुसतं स्वतःपुरतं बघायचं तर पायाशी धरला असता."

बाई तशाच निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या त्या काखेत चार पाट्या घेऊन. पडवीत बसल्या आणि म्हणाल्या, "बसा ओळीने. आणि त्या काकींनाही बसवा, त्यांनाही अक्षर येत नाही!"

मी लिहायला शिकले ती अशी. तोवर ह्यांना पत्र मामंजी लिहायचे. दोन पानं आमराईची हकीकत, आणि शेवटी माझ्या नावची एक ओळ : 'सौ. खुशाल आहे.'

माझं पहिलं पत्र मी तीन दुपारी लिहीत होते. काय लिहिलं ते नाही सांगणार. खुशाल आहे एवढं मात्र लिहिलं नव्हतं.

उत्तर आलं. 'अक्षर कुणाचं ते ओळखता आलं नाही. ज्याचं असेल त्याला सांग, पुढच्या वेळी तुझ्या मनातलं थोडं कमी लिहावं. ऑफिसात उघडलं, सगळ्यांसमोर पुरं वाचता आलं नाही.'

मी ते सुमतीबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग? आता कमी लिहिणार?"

"नाही बाई. जास्त."

"मग निदान ऱ्हस्व-दीर्घ तरी सुधारा!"

सारंगकाका चार वर्षांनी आले. उन्हाने रापलेले, केस पिकलेले, चालताना अजून बोटीवर असल्यासारखे डुलत. आम्ही सगळ्या त्यांना बघायला जमलो, आणि चंद्राने विचारलंच. "काका, त्या चित्रांचे सगळे अर्थ एकदा तुमच्या तोंडून ऐकायचेत."

"कसले अर्थ?" काका म्हणाले. "इटलीतल्या जिनोव्याच्या एका खलाशाने दिलेले पत्ते ते. तिकडे त्यांचा डाव खेळतात. चौघं लागतात त्याला. अर्थबिर्थ मला काय ठाऊक?"

सगळ्यांनी काकीकडे बघितलं. काकी सोलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"चौघं लागतात ना? मी एकटी होते."

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. सुमतीबाईंनीसुद्धा नाही. आणि पुढच्या दुपारी चंद्रा नेहमीसारखी आली, बसली, म्हणाली, "काकी, एक पान काढू?"

अडीच महिन्यांनी काकांना मुंबईहून हजर व्हायचा हुकूम आला. जायच्या दिवशी आम्ही निरोपाला जमलो. ट्रंक बांधून गाडीत चढली होती, गाडीवान बैल जुंपून फाटकात उभा होता. काकीने दही ठेवलं काकांच्या हातावर. काकांनी ते खाल्लं, हात पुसला, आणि चढायचं सोडून पडवीत येऊन बसले.

"जानकी, मला एक पान काढू दे."

आमच्यासमोर त्यांनी तिला नावाने हाक मारलेली ती पहिलीच वेळ. काकीने पत्ते पिसले आणि पसरले.

"काय विचारायचंय?"

"जाऊ का?"

त्यांनी पान काढून तिच्या हातात दिलं. तिने ते फक्त स्वतःपुरतं बघितलं. आम्ही माना लांब केल्या, पण काही दिसलं नाही. तिने पान परत जोडात घातलं.

"दुसरं काढा."

त्यांनी दुसरं काढलं. काकीने बघितलं, आत घातलं.

"हे नाही. दुसरं."

तिसरं. चौथं. पाचवं. बंदराकडून बोटीचा भोंगा ऐकू आला. गाडीवान फाटकातून ओरडला, "काका, चला! शेवटचा पडाव सुटेल!"

काकांनी फाटकाकडे बघितलं. मग काकीकडे बघितलं, बराच वेळ. आणि पत्त्यांवर हात फिरवत, मागे न वळता गाडीवानाला म्हणाले,

"थांब रे जरा! माझं पान अजून निघायचंय!"