हळदीकुंकू आणि ग्रँटची अट

आमच्या महिला समाजाच्या सभागृहात एक पाटी होती: ‘ही संस्था राजकारणात भाग घेत नाही.’ सरकारी ग्रँट हवी तर संस्थेने आणि तिच्या नोकरांनी राजकारणापासून दूर राहायचं, अशी अट होती. त्या ग्रँटवर रत्नागिरीतली आमची बाळंतिणींची खोली चाले. दोन खाटा आणि एक नर्सबाई. मी चिटणीस. याद्या करणं, निरोप धाडणं, पेले मोजून परत ठेवणं ही माझी कामं. हळदीकुंकवाची तयारीही माझ्याकडेच असे. फक्त ते सुरू झालं की मी कोठीच्या खोलीत जाऊन बसे, कारण मी विधवा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

राजकारण म्हणजे काय, हे अटीत लिहिलेलं नव्हतं. ते आमच्या अध्यक्षा ठरवत. त्या गावातल्या एका बड्या वकिलांच्या पत्नी. सगळे त्यांना वकिलीणबाई म्हणत. त्यांच्या मते पहाटे रस्त्यावर गाणं म्हटलं तर राजकारण, तेच देवळात म्हटलं तर भजन. खादीचं लुगडं राजकारण, खादीचं पायपुसणं काटकसर. कलेक्टरसाहेबांच्या मडमेला हार घालणं हा शिष्टाचार. या सगळ्याची यादी मी ठेवत होते आणि ती दर बैठकीला लांबत होती.

सदतीस साली नव्या कायद्याची निवडणूक आली आणि वकीलसाहेब असेंब्लीला उभे राहिले. त्याच आठवड्यात नर्सबाई विरुद्ध पक्षाच्या मिरवणुकीत दिसल्या. वकिलीणबाईंनी आपल्या गॅलरीतून स्वतः पाहिलं आणि तातडीची बैठक बोलावली.

“मिरवणुकीत होतात की नाही?”

“होते. बाळंतीण मांडवीला, मिरवणूक त्याच रस्त्याला. उडून जाऊ?”

“आणि घोषणा?”

“‘चला, पुढे चला’ म्हणून ओरडले. ती माणसं हलतच नव्हती.”

“तेही तेच ओरडत होते,” वकिलीणबाई म्हणाल्या.

कामावरून का काढू नये, अशी नोटीस द्यायचं ठरलं. नर्सबाईंच्या पगारावर चिपळूणला त्यांची आई आणि धाकट्या बहिणी जगत होत्या. दुसरी नर्स आणायची तर मुंबईहून, आणि आमच्या पगारात ती बोटीतही चढली नसती.

बैठक उठल्यावर वकिलीणबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची नावं माझ्या हातात ठेवली. “यंदा मतदार बायकांनाच बोलवू. जागा लहान पडते.”

जागा दर वर्षी तेवढीच होती. पण बायकांत मत कुणाला? जिच्या नावावर जमीन तिला, नाहीतर जिला लिहितावाचता येतं तिला. आणि नवरा जिवंत असताना बायकोच्या नावावर जमीन करतो कोण? त्यामुळे यादीतल्या निम्म्या बायका विधवा होत्या. मीही त्यात होते, पावसची बाग माझ्या नावावर म्हणून. नर्सबाई शिकलेल्या म्हणून होत्या; त्याही विधवाच. खाडीकाठच्या मुसलमान बायका नव्हत्या, कारण त्यांचा मतदारसंघ वेगळा. बाळंतपणं तेवढी आमच्या खोलीत होत.

“विधवांना हळदीकुंकू?” मी विचारलं.

“ही समाजसुधारणा आहे, काकू. तिला अटीत मनाई नाही.”

वाणाला पितळी डब्या आल्या होत्या. सवाष्णींच्या डबीत कुंकू आणि बाकीच्यांच्या डबीत सुपारी, असा तोडगा मी काढला. नर्सबाईंना नोटीस आणि आमंत्रण एकदमच गेलं. दोन्हींवर सही माझीच. त्यांनी दोन्ही वाचली.

“आधी हळदीकुंकवाला येते,” म्हणाल्या. “नोटिशीला मुदत आहे.”

त्या दिवशी पाटीखाली उभं राहून वकीलसाहेब स्त्रियांच्या कर्तव्यावर बोलले. कर्तव्य कोणत्या पेटीत टाकायचं तेवढं सांगायचं राहिलं. पावसच्या एक म्हाताऱ्या बागाईतदारीण लाल आलवण नेसून बैलगाडीने आल्या होत्या. त्यांनी डबी उघडली, सुपारी पाहिली आणि वकिलीणबाईंना जवळ बोलावलं.

“आमचे हे गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आज काय गो झालं?”

“काळ बदलला, मावशी.”

“बरं झालं. मग वैशाखात तुझ्या लेकीच्या लग्नात मी मांडवात पुढे बसू ना?”

वकिलीणबाई तिळगुळाचं ताट शोधू लागल्या.

“ते राहू दे. मत कुणाला घालायचं ते सांग. गाडीवान खोळंबलाय.”

सगळ्यात मोठ्याने नर्सबाई हसल्या. आता यांची नोकरी गेलीच, असं मला वाटलं.

पुढच्या बैठकीत त्यांचा विषय निघाला. मी म्हटलं, ग्रँटसाठी वर्षाचा अहवाल जायचा आहे. नर्सबाई मिरवणुकीच्या रस्त्याने गेल्या, हे त्यात येईल. आपण फक्त मतदार बोलावून उमेदवाराचं भाषण ठेवलं, हेही येईल. “दोन्ही राजकारणात धरू की एकच? अध्यक्षांनी सांगावं, म्हणजे तसं लिहिते.”

मी टाक दौतीत बुडवून बसले.

“रस्त्याने चालणं म्हणजे काही राजकारण नव्हे,” वकिलीणबाई शेवटी म्हणाल्या.

“आणि हळदीकुंकू?”

“हळदीकुंकू कधी राजकारण असतं का, काकू?”

नोटीस मागे घेतली गेली. वकीलसाहेब निवडणुकीत पडले.

पुढच्या संक्रांतीला निवडणूक नव्हती. मी पुन्हा कोठीच्या खोलीत डब्या भरत होते, सगळ्या कुंकवाच्या. नर्सबाई पिशवी घेऊन दारात आल्या.

“यंदा नोटीस नाही आली, काकू.”

“आमंत्रणही नाही.”

“मग बरंच. बाहेर वकिलीणबाईंची गाडी रिकामी उभी आहे आणि बंदरावर बाळंतीण अडलीय. गाडीवानाला तुम्ही सांगता की मी सांगू?”

मी हात पुसले आणि गाडीवानाला हाक मारली.